कर्ज मिटवायला पैसे मोजायचे की नाही?

हप्ते थकले की दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक वसुलीवाल्यांचे, दुसरे 'तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो' म्हणणाऱ्यांचे. दुसरे गोड बोलतात, म्हणून त्यांच्यापासून जास्त जपायचं. ज्या कामाची ते फी घेतात, त्यातलं बरंचसं काम शाखेत लेखी अर्ज देऊन फुकट होतं.

हिशेब मांडून बघा. समजा क्रेडिट कार्डांची थकबाकी ३ लाख आहे. कर्ज मिटवून देणारी कंपनी सांगते, भरणा थांबवा, दरमहा वेगळ्या खात्यात पैसे साठवा, सहा महिन्यांनी बँक आपोआप खाली येईल. महिना साडेतीन टक्क्यांनी नुसतं सरळव्याज ६३ हजार चढतं. दंड आणि जीएसटी वेगळे. या ३,६३,००० ची तडजोड खरंच निम्म्यात झाली तरी १,८१,५०० भरायचे. कंपनीची फी मूळ थकबाकीच्या १५ टक्के धरली तर ४५,०००, त्यावर जीएसटी ८,१००. एकूण २,३४,६००. निम्म्याची बोली पाऊणपटीच्या वर गेली, शिवाय सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलेलं) असा शेरा बसला तो वेगळाच.

भरणा थांबवण्याचे परिणामही तुमच्याच अंगावर येतात. ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल आणि शिल्लक नसल्याने तो बाउन्स झाला, तर चेक बाउन्ससारखाच फौजदारी खटला होऊ शकतो.

फुकटच्या वाटेवर पहिलं काम म्हणजे क्रेडिट रिपोर्ट काढणं. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात: '०००' म्हणजे वेळेवर, '०६०' म्हणजे ६० दिवस थकलेलं. नोंद चुकीची असेल तर ऑनलाइन तक्रार फुकट; ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. बरोबर असलेली नोंद मात्र कुणीच पुसू शकत नाही. 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मग सगळी कर्जं व्याजदराच्या उतरत्या क्रमाने कागदावर लिहा. कार्डावर १ लाख असतील तर महिन्याचं व्याज साडेतीन हजार. 'मिनिमम ड्यू' म्हणून ५ हजार भरले तर मुद्दल जेमतेम दीड हजाराने हलतं, जीएसटी धरला तर त्याहूनही कमी. तेच १ लाख १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात वळवले तर २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ४,८०० बसतो आणि दोन वर्षांत विषय संपतो. पण असं कर्ज क्रेडिट स्कोअर शाबूत असेपर्यंतच मिळतं, म्हणून पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेत जा.

हप्ता झेपत नसेल तर शाखेत द्यायच्या अर्जात खाते क्रमांक, उत्पन्न का घटलं त्याचा पुरावा आणि दरमहा नेमके किती भरू शकता तो आकडा लिहा. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला फी नाही. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे. असे फोन आले तर तारीख-वेळेसकट नोंदवून ठेवा. सावकाराचा जाच असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात, तक्रार करा.

लोक अदालतीतही फी लागत नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. झेपणार नाही अशा हप्त्यावर तिथे सही करू नका.

पैसे द्यायचे ते वकिलाला, आणि तेही वेळेवर. चेक बाउन्सची नोटीस हातात पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. सरफेसी, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा, याखाली नोटीस आली तर ६० दिवस. ही मुदत वाया घालवणं फीपेक्षा महाग पडतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

तडजोड झालीच, तर आधी बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र हातात घ्या. त्यात कर्ज खाते क्रमांक, रक्कम, भरण्याची तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असलेच पाहिजेत. पैसे थेट कर्ज खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर नाही. नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि दोनेक महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून त्या खात्यापुढे शून्य बाकी आली का ते तपासा.