रियाजाचं रेकॉर्डिंग

आज वडगावातल्या खोलीत बँडचा दीड तास रियाज रेकॉर्ड केला, आणि आत्ता रात्री तो कॉम्प्युटरवर उतरवून ऐकतोय. शेजारच्या मागाची खटखट त्यात आलीय. मी ती काढणार नाही, ती आमच्या गल्लीचीच आहे.

मागच्या वेळी लेव्हल जास्त होती, ड्रमचा प्रत्येक ठोका फाटला. असा फाटलेला आवाज नंतर नीट पहिल्यासारखा होत नाही. रेकॉर्डरच्या मीटरवर शून्य डेसिबल ही वरची हद्द, तिच्या पुढे आवाज फाटतो; आज सगळ्यात जोरातला ठोकाही उणे 12 डेसिबलच्या खाली ठेवला. रेकॉर्डर भिंतीपासून लांब, स्टुलावर, खाली घडी केलेला टॉवेल. बास किती मोकळा ऐकू येतोय!

सीडीच्याच दर्जाचं रेकॉर्डिंग, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट स्टिरिओ, म्हणजे दीड तासाची वेव्ह (आवाज न दाबता साठवलेली) फाइल साधारण 950 एमबी. ती लगेच उतरली.

बाबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटींना मात्र घाई चालत नाही. 60 मिनिटांच्या कॅसेटला 60 मिनिटं बसावंच लागतं, वायर टेपच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनला जोडून. आज पहिली संपत आली तेव्हा मृदंग थांबला आणि बाबांचा आवाज आला, "बंद कर रे बाळा, चहा आलाय."

तेवढा तुकडा तीनदा ऐकला.