दात नसलेल्या गावात चकली

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून मी गावी जाते तेव्हा गाव अर्धं रिकामं झालेलं असतं. धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या खडकाळ माळावर आमचं गाव. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. माझे आई-बापूही जातात. आमच्याकडं ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. म्हणजे मी एका कोयत्याची मुलगी. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळं गाडी ज्या दिवशी येईल त्या दिवशी निघायचं, मग लक्ष्मीपूजन का असेना. मागं उरतात म्हाताऱ्या, म्हातारे आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं.

मागच्या वर्षी हॉस्टेलच्या आम्ही सहा जणींनी ठरवलं, या लोकांना फराळ द्यायचा. खोलीखोलीतून पन्नास-पन्नास रुपये जमवले, एका मावशींकडून चिवडा, चकली, शंकरपाळे करून घेतले आणि अठ्ठावीस पाकिटं भरली. रंगीत रिबीनसुद्धा बांधली. एसटीत ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते, चकल्या मोडू नयेत म्हणून.

पहिलं पाकीट गल्लीच्या टोकाच्या आज्जीला दिलं. अंगणात ती शेणाच्या गवळणी थापत होती. हात पुसून तिनं पाकीट उघडलं, चकली उन्हात धरून बघितली आणि मला म्हणाली, "पोरी, ही चावायला दात असते तर म्या बी गेले असते की ऊस तोडायला."

आम्ही हसलो. पण पुढच्या तीन घरांतही तेच झालं. चकल्या शेवटी नातवंडांनी खाल्ल्या आणि चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून ठेवले गेले. अठ्ठावीस पाकिटं भरताना आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही की खाणाऱ्याचं वय सत्तर आहे! आणि मी तर त्याच गावची.

त्याहून वाईट पुढं आहे. चौथ्या घरी सोबत आलेल्या मैत्रिणीनं मोबाईल काढला आणि मी म्हणाले, "आज्जी, पाकीट जरा वर धरा, इकडं बघा." तोंडातून गेलं आणि मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. मी तिसरीत असताना शहरातून एक गट आला होता. जीपमधून कपडे आणले होते. मला लाल फ्रॉक मिळाला. एका दादानं सांगितलं, पिशवी कॅमेऱ्याकडं धर आणि हास. मी हसले. फ्रॉक डोक्यातूनच जाईना, इतका लहान. माझ्या आज्जीनं त्याची उशीची खोळ शिवली आणि ती खोळ आमच्याकडं पाच-सहा वर्षं होती. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी माप विचारलं नव्हतं, एवढंच. आम्ही मोबाईल आत ठेवला आणि उरलेली पाकिटं गुपचूप वाटून टाकली.

सुट्टीत काहीतरी करू या म्हणणाऱ्या पोरापोरींना मी आधी रक्तदानाचं सांगते, कारण ते गावी निघायच्या आधीच होतं. लातूरला क्लासवाली आणि कॉलेजची पोरं एवढी, पण दिवाळीला सगळी एसटी स्टँडवर. शिबिरं बहुतेक कॉलेजांत भरतात. कॉलेजं बंद, म्हणजे रक्तपेढीचे दातेही सुट्टीवर. त्याआधी नवरात्रात निम्म्यांना उपास. पण थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला दिवाळीची सुट्टी नसते. प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवायची सोय नाही. वय अठरा पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर बॅग भरायच्या आदल्या दिवशी जाऊन या. पोटभर जेवून मात्र जा. माझं हिमोग्लोबिन १०.८ निघालं, परत पाठवलं. वर सल्ला मिळाला, गूळ-शेंगदाणे खा. ऊस तोडणाऱ्यांच्या पोरीला! तेव्हापासून मी शिबिरात फॉर्म भरायच्या टेबलावर बसते आणि बिस्किटं वाटते.

दुसरी गोष्ट तारखेची. आमच्या गावाला मदत दिवाळीत येते, पण गाडी दसऱ्यानंतर कधीही सुटलेली असते. आई-बापासोबत जी लेकरं जातात त्यांच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते दाखवलं की जिथं पाल पडेल तिथल्या शाळेत बसता येतं. कार्ड घरी विसरलं किंवा घेतलंच नाही, तर लेकरू चार-पाच महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटं भावंड सांभाळत बसतं. मी दोन हंगाम तेच केलं, म्हणून मला सातचा पाढा अजून अडखळत येतो. हे काम करायला पैसे लागत नाहीत. घटस्थापना ते दसरा या दिवसांत एखाद्या रविवारी गावी या, कुठल्या घरातलं लेकरू निघालंय ते विचारा, गुरुजींकडून कार्ड घ्या आणि ते ट्रंकेत न टाकता लेकराच्या दप्तरात ठेवा. एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, वर्षाच्या १२० तासांत हे धरतात का, असं एकानं मला विचारलं. त्याला मी तेव्हाच नीट उत्तर द्यायला हवं होतं, पण मला राग आला आणि मी काहीच बोलले नाही.

फराळ संपल्यावर आमच्याकडं चार दिवस उरले होते. मग मी आज्जीच्या ओट्यावर बसून विचारायला लागले, काय अडलंय? कुणाचं ज्वारीचं दळण दोन किलोमीटरवरच्या गिरणीतून आणायचं होतं. एका आजोबांकडं बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या, कुठली कव्हा घ्यायची ते कळत नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी बघून मैत्रिणीनं सकाळच्या पट्टीवर पेनानं सूर्य काढला, रात्रीच्या पट्टीवर चंद्र. एका आत्याला श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे दीड हजार जमा झाले का ते बघायचं होतं. झाले होते. दोनदा बघून घेतलं तिनं.

आणि सगळ्यांत मोठं अडलेलं म्हणजे रेशनचं केवायसी, आधारवरून ओळख पटवणं. आयुष्यभर शेणामातीत राबलेल्या हातांचे ठसे मशिनला लागत नाहीत. दुकानदार म्हणतो उद्या या, उद्याही तेच. 'मेरा ई-केवायसी' ॲप आहे, त्यात ठशाऐवजी चेहरा चालतो, सोबत आधार फेस आरडी हे दुसरं ॲप टाकावं लागतं. पण ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर असतो पोराच्या खिशात, पोरगा उसाच्या फडात. पहाटे चारला उठलेला असतो, दिवसा फोन उचलत नाही. रात्री आठनंतर लागला तर लागला, त्या वेळी गाडी भरायला आली असेल तर तोही नाही.

चकलीवाल्या आज्जीचा फोन तिसऱ्या रात्री लागला. तिच्या पोराला मी सांगितलं, मेसेज येईल त्यातले सहा आकडे वाच. त्यानं वाचले, मी टाकले. आज्जीला दिव्यासमोर बसवून डोळे मिचकवायला लावले, मोबाईलवर हिरवी खूण आली. झालं म्हणून मी फोन परत घ्यायला हात पुढं केला. आज्जीनं तो कानाला लावूनच ठेवला होता. तिकडं थंडी पडली का, लेकरू जेवलं का, एवढंच बोलणं झालं आणि पलीकडून तो कट झाला. तिनं फोन माझ्या हातात दिला, पण उठली नाही.

"आगं पोरी," ती म्हणाली, "त्याला अजून एकदा म्हण की आकडे सांग म्हणून."