सिझेरियनमध्ये आईला ऊब द्यायची ती सुईच्या आधी

सिझेरियन झालेल्या बायका विचारतात, त्यांचे नवरे विचारतात आणि भूलशास्त्र शिकायला नव्याने आलेले डॉक्टरही विचारतात: ऑपरेशन चालू असताना बाई एवढी कुडकुडते का? एसी कमी केला, अंगावर ब्लँकेट टाकलं, तरी भागत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भागत नाही, कारण सुरुवातीला उष्णता शरीराबाहेर फारशी जातच नाही, ती आतल्या आत जागा बदलते. एरवी हातापायांच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळलेल्या असतात. त्यामुळे छातीपोटात ३७ अंश सेल्सिअस असलं तरी पाय त्याहून काही अंशांनी थंड असतात. स्पायनल, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुईने द्यायची भूल, दिली की हा आवळ सुटतो. सिझेरियनसाठी भूल स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढवावी लागते, म्हणजे अर्ध्याहून जास्त शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात. गाभ्यातलं, म्हणजे छातीपोटातलं, गरम रक्त पायांकडे जातं आणि पायांतलं थंड रक्त गाभ्याकडे येतं. ही घसरण पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वेगाने होते. वरून कितीही पांघरलं तरी आत चाललेली ही वाटणी थांबत नाही.

मेंदूचीही इथे फसगत होते. पायांची कातडी गरम झालेली असते आणि तिथून थंडीचा निरोप वर पोचत नाही. शरीर कुडकुडायला सुरुवात करतं ते नेहमीपेक्षा अर्धा अंश उशिरा, आणि तेही फक्त भुलीच्या वरच्या भागात: जबडा, खांदे, हात. पायांच्या मोठ्या स्नायूंना कुडकुडता येत नाही, त्यामुळे एवढी थरथर होऊनही त्यातून मिळणारी ऊब तुटपुंजी असते. म्हणूनच ३५.५ अंशांवर गेलेली बाई ‘मी ठीक आहे’ म्हणू शकते, आणि जिचे दात वाजतायत तिचं तापमान ३६.८ असू शकतं. थर्मामीटर लावल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. मणक्यातल्या भुलीत बाई जागी असते, बोलत असते, म्हणून तापमान बघायचं राहून जातं. ते राहता कामा नये. भुलीच्या आधी एकदा आणि नंतर दर अर्ध्या तासाने, जिभेखाली नीट धरलेला थर्मामीटर पुरतो. काखेतला आकडा कमी येतो आणि पायाला हात लावून केलेला अंदाज तर हमखास चुकतो.

३६ च्या खाली गेलं तर बिघडतं काय? रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, मंदावतात आणि गोठण्याची क्रिया रेंगाळते. वार निघालेल्या जागेतून रक्त वाहत असताना हे अजिबात परवडणारं नाही. जखमेला ऑक्सिजन कमी पोचतो. थरथरीमुळे दंडाला बांधलेला बीपीचा पट्टा चुकीचे आकडे देतो किंवा देतच नाही, तेही नेमकं बीपीवर नजर ठेवायची असते तेव्हा.

म्हणून माझं ठाम मत आहे की ऊब द्यायला सुरुवात सुईच्या आधी करावी. भुलीपूर्वी १५ ते ३० मिनिटं गरम हवेचं ब्लँकेट (यंत्राच्या पाइपमधून गरम हवा सोडायचं पोकळ पांघरूण) घातलं की हातपाय आधीच तापतात. गाभा आणि पाय यांच्यातला फरक कमी झाला की रक्तवाहिन्या सैल पडल्यावर गाभ्यातून जायला उष्णताच थोडी उरते. पाठीत सुई देताना ब्लँकेट बाजूला करायचं आणि आडवं केल्यावर छाती व हात झाकणारं वरच्या अंगाचं ब्लँकेट लगेच चालू करायचं. कपाटातून काढलेली गरम चादर सुखद वाटते, पण काही मिनिटांत निवते. चादरीचा पहिला थर उष्णतेची गळती साधारण ३० टक्क्यांनी रोखतो. त्यावर दुसरी-तिसरी चादर घातली तर फार फरक पडत नाही.

गरम हवेचा पाइप ब्लँकेटला न जोडता नुसताच चादरीखाली सोडायचा नाही, त्याने भाजतं. पायाशी गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेली सलाइनची बाटली ठेवायची नाही. भुलीखालच्या कातडीला चटका कळत नाही, बाई ओरडत नाही, आणि फोड दिसतो तो नंतर. मायेपोटी केलेल्या या गोष्टीने खोलवर भाजू शकतं, म्हणून हे परत परत सांगावं लागतं.

मग सलाइन. खोलीच्या तापमानाची एक लिटर सलाइन शरीराचं तापमान सुमारे पाव अंशाने उतरवते. बीपी सांभाळायला सिझेरियनमध्ये पहिला लिटर बऱ्याचदा भरभर जातो, म्हणजे घसरण चालू असतानाच हा पाव अंशही जातो. कपाटात ३८ ते ४० अंशांवर ठेवलेली पिशवी वेगाने सोडली तर उपयोगी पडते. थेंब थेंब सोडली तर लांब नळीतच गार होते. त्यासाठी नळीवरचा वॉर्मर लागतो, आणि वॉर्मरपासून हातापर्यंतची नळी जितकी आखूड तितकं चांगलं. मायक्रोवेव्हमध्ये पिशवी तापवू नये, ती एकसारखी तापत नाही. फ्रीजमधून आलेलं रक्त भरभर द्यायचं असेल तर ते वॉर्मरमधूनच. औषधाच्या छोट्या पिशव्यांची काळजी करायचं कारण नाही.

खोलीचं तापमान हा वादाचा विषय. गाऊन घालून दिव्याखाली उभ्या सर्जनला २० अंश बरे वाटतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र प्रसूतीच्या खोलीसाठी २५ ते २८ सांगते, ते मुख्यतः बाळासाठी. २० आणि २३ अंशांची तुलना करणाऱ्या एका चाचणीत थंड पडणाऱ्या बाळांचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ३५ वर आलं होतं. निदान बाळ बाहेर येऊन कोरडं होईपर्यंत तरी एसीचं तापमान चढं ठेवावं.

ओलाव्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पोटाला लावलेलं जंतुनाशक वाळताना उष्णता घेऊन जातं. गर्भजल आणि रक्त पाठीखाली ओघळतं आणि बाई तासभर ओल्या चादरीवर पडून राहते. ड्रेप, म्हणजे ऑपरेशनसाठी अंगावर टाकलेलं निर्जंतुक कापड, काढल्याबरोबर अंग पुसून कोरडी चादर घालावी. पोट धुवायचं असेल तर सलाइन ३७ अंशांची.

बाळ छातीवर ठेवताना दोघांची कातडी एकमेकांना लागू द्यावी, वरून कोरडं गरम कापड आणि डोक्याला टोपी घालावी. गरम हवेचा झोत बाळाच्या चेहऱ्याकडे येत नाही ना, ते बघावं.

एपिड्युरल (पाठीत बारीक नळी घालून प्रसूतीच्या वेदना कमी करणारी भूल) घेऊन बराच वेळ कळा सोसलेल्या बाईला कधीकधी ताप असतो. तिला ब्लँकेट लावायच्या आधी तापमान बघावं, ३८ असेल तर तिला ऊब नकोच. थरथर फारच त्रास देत असेल तर नाळ कापल्यावर पेथिडिन या वेदनाशामकाचा छोटा डोस, साधारण २५ मिलिग्रॅम शिरेतून, ती थांबवतो. पण त्याने तापमान वाढत नाही, म्हणून ऊब चालूच ठेवायची.

ऑपरेशननंतर रिकव्हरीच्या खोलीत दर पंधरा मिनिटांनी तापमान बघावं आणि ३६ होईपर्यंत वॉर्डात पाठवू नये. मणक्यात मॉर्फिन दिलं असेल तर आणखी जपावं. अशा काही बायकांचं तापमान कित्येक तास उतरलेलंच राहतं, आणि तरीही त्यांना घाम फुटतो, उकडतं. त्या पांघरूण काढायला सांगतात आणि घरचे पंखा लावून देतात. तेव्हा आधी थर्मामीटर लावावा, मग पांघरुणाचं काय ते ठरवावं.