पॅड टाकण्याआधी पिना तपासा

पावसाळाभर पांदण रस्त्यानं फिरलेली गाडी कापूस वेचणीच्या दिवसांत ब्रेक मारताच एका बाजूला ओढते. पॅड नवे टाकले तरी थोड्याच दिवसांत तेच. आपल्या काळ्या मातीत अशा वेळी दोष बरेचदा पॅडचा नसतो, कॅलिपर, म्हणजे चाकाच्या तबकडीवर पॅड दाबणारा भाग, ज्यांवर सरकतो त्या पिना जाम झालेल्या असतात.

चाक उघडण्याआधी पायडल काय सांगतो ते ऐका. इंजिन बंद ठेवून ४-५ वेळा पायडल मारा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पायडल थोडा खाली गेला तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, ठीक. तसाच राहिला तर व्हॅक्यूमचा पाइप किंवा बूस्टर पाहावा लागेल. आता अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खोल जात असेल तर कुठंतरी गळती आहे. टायरची आतली बाजू आणि मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमचा खालचा काठ ओला आहे का पाहा. सगळं कोरडं असेल आणि डबीतलं ब्रेक ऑइलही कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पायडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या भागातलं, रबर गेलं. ही गाडी बाहेर काढूच नका.

दोनतीनदा मारल्यावर पायडल वर येऊनही लिबलिबीत लागतो, तर ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा आहे. वर येऊन कडक होतो, तर मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, ड्रमपासून लांब गेलेत.

गाडी ओढत असेल तर आधी दोन्ही टायरची हवा सारखी करा. मग ५-६ किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक तापलं असेल, तर तिथं ब्रेक सुटत नाही.

आता ते चाक खोला. नट जमिनीवरच सैल करा, मागच्या चाकांना गोटे लावा. अंगण कच्चं असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच, काळ्या मातीत जॅक रुततो. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका, स्टँड लावा.

बहुतेक लहान गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट १२ किंवा १४ च्या पान्यानं निघतो आणि कॅलिपर वर उचलता येतो. तो ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. पिन हातानं सहज आतबाहेर सरकली पाहिजे. आतला पॅड जास्त, बाहेरचा कमी झिजलेला दिसला, तर समजा की पिना सरकत नाहीत. चिखल शिरतो तो फाटलेल्या रबरी टोपीतून, म्हणून नुसती पिन पुसून भागत नाही, टोपीही बदला. हलका गंज बारीक पॉलिश पेपरनं काढा. खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या. वर-खालच्या पिना सारख्या नसू शकतात, अदलाबदल करू नका.

ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉनचं वापरा. ट्रॅक्टरला लावायचं ग्रीस इथं लावलं की रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट बसते. पातळ थर पुरे.

पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला असेल तर दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. नव्या पॅडला जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन मागं ढकलताना डबीतलं ऑइल वर चढतं, सांडलं तर रंग खातं. लगेच पाण्यानं धुवा. काम झाल्यावर पायडल कडक होईपर्यंत मारा, मगच गाडी हलवा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

मागचा ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सोडा. बऱ्याच ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यात ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले की ड्रम बाहेर येतो. आतली धूळ हवेनं उडवू नका, ओली करून पुसा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. चिखलदऱ्याचा घाट उतरताना जुनं ऑइल उकळलं तर लाइनीत वाफ होते आणि पायडल तळाला जातो. दर दोन वर्षांनी बदला, झाकणावर लिहिलेलंच भरा आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर, २० च्या वेगानं घ्या. ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा.