रिग्बीची .४१६, लिम्पोपोचा रानरेडा आणि जोहान्सबर्ग विमानतळावरचे चार तास

कालच परतलो. उजवा खांदा अजून पिवळाजांभळा आहे आणि झोप पुरी झालेली नाही. तरी हे आजच लिहून काढतो. आठवडाभरात राग निवेल, आणि मग जे ठणकावून सांगायला हवं ते गुळमुळीत होऊन बसेल.

आधी एक गोष्ट. भारतात शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आणली आणि ती असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. मी मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला. आजोबांकडे पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक होती, तिच्या गोष्टी ऐकत वाढलो. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर रीतसर परवाना काढून हरणांची शिकार शिकलो. तेव्हा हा वृत्तांत ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या आणि आफ्रिकेत कायदेशीर शिकारीला जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. रोज दहा-बारा किलोमीटर उन्हात चालण्याइतके तुम्ही तयार आहात, बूट मुरलेले आहेत आणि बंदूक साफ करता येते, हे धरून चालतो.

बंदूक कोणती, हा प्रश्न माझ्यापुरता लहानपणीच सुटला होता. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असायचं. पण 'रिग्बी' या नावाखाली आज बाजारात काय काय मिळतं, हे नीट समजून घ्या, कारण इथेच पहिली फसगत होते. कारखाना मूळ डब्लिनचा, अठराव्या शतकातला. १८६५ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्यांचं दुकान निघालं, १८९७ मध्ये डब्लिनचं दुकान गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या माउझर कारखान्याचा माल ब्रिटनमध्ये रिग्बीमार्फत विकला जायचा, आणि मोठ्या काडतुसासाठी मोठी माउझर अ‍ॅक्शन (काडतूस नळीत भरणारी-काढणारी बोल्टची यंत्रणा) रिग्बीच्या मागणीवरूनच तयार झाली. १९११ मध्ये .४१६ रिग्बी हे काडतूस आलं (आकडा गोळीच्या इंचांतल्या जाडीचा). पुढे उतरती कळा लागली. १९९७ मध्ये नाव विकलं गेलं आणि सगळं बस्तान कॅलिफोर्नियाला हललं. २०१३ मध्ये माउझर आणि ब्लेझर ज्यांच्या मालकीचे, त्याच जर्मन समूहाने रिग्बी विकत घेऊन लंडनला परत आणली. आता कार्यशाळा थेम्सच्या दक्षिणेला व्हॉक्सहॉलजवळ आहे आणि 'बिग गेम' रायफल पुन्हा माउझरच्या ९८ मॅग्नम अ‍ॅक्शनवर बनते.

म्हणून जुनी रिग्बी घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या काळातली? मला एका विक्रेत्याने 'लंडनची रिग्बी' म्हणून जी दाखवली ती अटलांटिकपलीकडच्या वर्षांतली निघाली. बंदूक वाईट होती असं नाही. सांगितलेलं आणि हातात असलेलं जुळत नव्हतं, आणि किंमत मात्र लंडनची होती. रिग्बीकडे जुन्या विक्रीच्या वह्या आहेत. क्रमांक कळवला की नोंद शोधून देतात. वहीतली नोंद पाहिल्याशिवाय जुन्या रिग्बीला एक पौंडही देऊ नका.

मी शेवटी नवीच घेतली, दुकानात तयार असलेली .४१६ बिग गेम. वेळ ठरवून गेलो. त्यांनी खांद्याला लावून पाहायला दिली, दस्त्याची लांबी मोजली, घाई केली नाही. किंमत बऱ्यापैकी मोटारीएवढी. वाचून हळहळणारे हळहळोत, मला एका पौंडाचाही पश्चात्ताप नाही. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की नवं काडतूस मॅगझिनमधून सुटतानाच बोल्टचा लांब पंजा त्याची कड धरतो आणि सरळ नळीत नेऊन बसवतो. रायफल तिरकी असो की उलटी, काडतूस वाटेत सांडत नाही. समोर जखमी रेडा असताना याचं मोल काय, ते मला आता कळलं आहे.

काडतुसाबद्दल थोडं. .४१६ रिग्बीचं कवच पाहिलं की उगाच एवढं मोठं का, असं वाटतं. त्या काळच्या कॉर्डाइट दारूचा दाब उष्ण प्रदेशात वाढायचा आणि रिकामं कवच नळीत चिकटून बसायचं. कवचात जागा जास्त ठेवून दाब कमी राखला, म्हणून ते आफ्रिकेत आणि हिंदुस्तानात भरवशाचं ठरलं. ४०० ग्रेनची (सुमारे २६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे २,४०० फुटांनी सुटते. म्हणजे ऊर्जा साधारण ६,९०० ज्यूल. रेड्याला पुरते आणि वर उरते. त्याहून मोठं .४५० हवं का, असं दुकानात विचारलं तर माझा सल्ला: नको. .४१६ चाच धक्का हरणांसाठी वापरतात त्या .३०८ च्या जवळपास तिप्पट आहे. साडेचार किलोची रायफल असूनही पहिल्या दिवशी टेबलावर टेकून बारा गोळ्या झाडल्या आणि तिथेच चुकलो. टेबलाशी बसलं की अंग मागे जाऊ शकत नाही, सगळा मार खांदा खातो आणि सातव्या गोळीपासून डोळा आपोआप मिटायला लागतो. ही खोड जायला मला तीन आठवडे लागले. उभ्याने, तिकाटण्यावर रायफल टेकवून, एका वेळी चार गोळ्या झाडा आणि बंद करा. उरलेला वेळ रिकाम्या रायफलीचा बोल्ट चालवा, खांद्यावरून खाली न घेता. आणि रेंजवर जाण्याआधी तिथली ऊर्जामर्यादा विचारून घ्या, सगळ्या रेंज हे काडतूस चालू देत नाहीत.

परवान्यात .४१६ ची भर घालायला मला अकरा आठवडे लागले. हे काडतूस कशासाठी हवं, याचं सबळ कारण पोलिसांना द्यावं लागतं. सफारीच्या बुकिंगचं पत्र हेच कारण. तेव्हा आधी बुकिंग, मग परवाना, मग दुकान. उलटा क्रम लावलात तर अनामत देऊन बंदूक दुकानातच राहील.

आता मूळ मुद्दा.

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात ज्या यजमानांकडे रानरेड्याच्या शिकारीचं बुकिंग केलं त्यांनी कळवलं, "जोहान्सबर्गला उतरल्यावर शस्त्राचं तात्पुरतं परमिट काढावं लागतं, फार किचकट असतं, आमचा एजंट सगळं करून देईल, तुम्ही फक्त सही करून पाठवा." दर ३,२०० रँड. रात्रभराच्या प्रवासानंतर रांगेत उभं राहायला नको म्हणून मी हो म्हटलं. कोऱ्या फॉर्मवर लेस्टरमध्ये घरी बसून सही केली, स्कॅन करून पाठवली. त्या एका सहीपायी पुढचं सगळं झालं.

हीथ्रोवरून अकरा तासांचं विमान, सकाळी सातला उतरलो. बंदुकीची पेटी सामानाच्या पट्ट्यावर येत नाही, ती थेट पोलिसांच्या शस्त्रकक्षात जाते. तिथे एजंट नाव लिहिलेली पाटी घेऊन उभा होता. खिडकीशी गेलो. अधिकारी बाईंनी पेटी उघडायला लावली, रिसीव्हरवरचा (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागावरचा) क्रमांक वाचला, फॉर्मवरचा वाचला, पुन्हा रिसीव्हरवरचा वाचला. एजंटने फॉर्ममध्ये दोन आकडे उलटसुलट लिहिले होते.

"हा कोणी भरला?"

"यांनी."

"सही कोणाची?"

"माझी."

"कुठे केलीत?"

"इंग्लंडला, घरी."

त्यांनी फॉर्म बाजूला सरकवला. सही अधिकाऱ्यासमोरच व्हावी लागते. आधी केलेली सही चालत नाही. क्रमांक चुकला नसता तरी फॉर्म बादच होता, कारण एजंटने तो निळ्या शाईने भरला होता आणि काळीच शाई लागते. या तिन्ही गोष्टी ज्याला रोजच्या कामात माहीत असायला हव्यात, त्याचेच मी पैसे मोजले होते.

एजंट म्हणाला, नवा फॉर्म आणतो. तो गेला तो दीड तास आलाच नाही. माझ्यामागून चार जर्मन आले, आपापले कागद काढले, वीस-पंचवीस मिनिटांत बंदुका घेऊन गेलेही. मी तिथेच. बाकावर बसू द्यायचे, पण पेटी नजरेआड करता येईना, म्हणून चहालाही जाता येईना. शेवटी मीच खिडकीशी जाऊन विचारलं, "कोरा फॉर्म मिळेल का?" बाईंनी ड्रॉवरमधून काढून दिला. फुकट. काळं पेनही त्यांनीच दिलं. पासपोर्टची प्रत, परतीचं तिकीट, यजमानांचं निमंत्रणपत्र, परवान्याची प्रमाणित प्रत हे सगळं माझ्या पिशवीत होतंच. मी स्वतः फॉर्म भरला, त्यांच्यासमोर सही केली. तोवर त्यांची पाळी बदलली, म्हणून नव्या अधिकाऱ्याकडे पुन्हा पहिल्यापासून क्रमांक, पुन्हा काडतुसं मोजणं. ११ वाजून १० मिनिटांनी बाहेर पडलो.

परमिटची सरकारी फी किती? शून्य. एजंट बाहेर भेटला आणि त्याने ३,२०० वर ९०० रँड 'प्रतीक्षा शुल्क' मागितलं. त्याच्याच चुकीने झालेल्या खोळंब्याचं शुल्क! मी दिले नाहीत. मुक्काम संपताना यजमानांनी ते बिलात घातले होते. तेही काढायला लावले. ३,२०० मात्र गेले ते गेलेच.

तेव्हा कानाला खडा लावून सांगतो. एजंट घेऊ नका. एसएपीएस ५२० नावाचा (एसएपीएस म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे पोलीस) फॉर्म आहे, तो घरी छापून काळ्या शाईने स्वतः भरा, सहीची जागा कोरी ठेवा. बंदुकीचा क्रमांक धातूवर वाचून लिहा, पावतीवरून उतरवू नका. मग परवाना, निमंत्रणपत्र आणि फॉर्म तिन्ही शेजारी ठेवून दुसऱ्या कोणाकडून तरी आकडा-आकडा मोठ्याने वाचून घ्या. मी आता हे काम बायकोकडे देणार आहे, तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. एका कॅलिबरची एकच बंदूक आणि तिच्यासाठी जास्तीत जास्त २०० काडतुसं नेता येतात, पण ती मर्यादा तुमच्या कामाची नाही. विमान कंपन्या ५ किलोच्या वर काडतुसं घेत नाहीत, आणि .४१६ ची ४० काडतुसंच सव्वादोन किलोच्या आसपास भरतात. ४० पुरतात. मी तिथल्या सरावासह १३ वापरली. विमान कंपनीला मात्र बंदुकीची पूर्वसूचना द्या आणि तिचं उत्तर छापून जवळ ठेवा.

त्या चार तासांनी संध्याकाळ गेली. छावणीवर पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता, त्यामुळे प्रवासात रायफलवरची दुर्बीण हलली का, ते त्या दिवशी तपासताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निशाणावर तीन गोळ्या झाडण्यात पहाटेची वेळ गेली, ताज्या खुणा उन्हात करपल्या. शिकारीचा एक पूर्ण दिवस गेला. त्या दिवसाचं भाडं मी त्या ३,२०० मध्ये धरतो.

पुढचे दोन दिवस छान गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. जेवण चांगलं, रात्री थंडी, स्वेटर न्या.

चौथ्या दिवशी पाणवठ्यापासून तीन म्हाताऱ्या रेड्यांच्या मागावर निघालो. माग काढणारा पुढे, त्याच्या मागे आमचा वाटाड्या शिकारी, मग मी. साडेचार तास. मोपानीच्या झुडपांत दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. एकदा ते वास लागून उधळले, पुन्हा वाट पाहायची, पुन्हा निघायचं. ५५ मीटरवर त्यातला एक आडवा उभा राहिला, शिंगांचा माथा घासून गुळगुळीत झालेला, अंगावर वाळलेला चिखल. तिकाटणं उभं राहिलं. खांद्याच्या खालच्या तिसऱ्या भागावर दुर्बिणीतली फुली टेकवली आणि घोडा ओढला. धक्का जाणवलाच नाही, एवढं आठवतं. दुसरं काडतूस नळीत होतं आणि ते मी कधी भरलं, हे आजही सांगता येत नाही. दुसरी गोळीही लागली. तो चाळीसेक पावलं गेला आणि पडला. मग तो लांब हंबरडा. माझे हात त्यानंतर कापायला लागले. त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसलो. मांस त्याच संध्याकाळी आसपासच्या वस्तीत वाटलं गेलं. आम्हाला त्यातलं शेपटीचं कालवण मिळालं, एवढं चवदार मांस मी खाल्लेलं नाही.

मॅगझिनमधलं पहिलं काडतूस मऊ टोकाच्या गोळीचं आणि खालची भरीव गोळीची, असंच भरा. वाटाड्यांनी सांगितलं होतं आणि ते बरोबर होतं. दुर्बीण कमी पटीने मोठं दाखवणारी ठेवा. माझी १ ते ६ पटींची होती, १.५ वर ठेवली होती, त्याहून जास्तची गरज पडली नाही.

परतीच्या वेळी जोहान्सबर्गला पोलीस पुन्हा पेटी उघडून क्रमांक पाहतात आणि परमिट मागतात. हीथ्रोला जकातीच्या लाल मार्गिकेतून जाऊन परवाना दाखवायचा. दोन्हीकडे मिळून अर्धा तास लागला, एजंट नव्हता. परमिटची मूळ प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. माझ्या पुढचा गृहस्थ ती बंदुकीच्या पेटीत ठेवून बसला होता, आणि पेटीची किल्ली त्याने चेक-इनच्या बॅगेत टाकली होती.