पाण्याची खूण

गोदावरी किती चढली, हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून ठरवतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, या बातम्या आमच्या घरात हवामानाच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वासाने ऐकल्या जातात. तेवढ्याने समाधान झाले नाही, तर गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हा आकडा असतोच. नदीशी आमची ओळख जुनी खरी, पण ती अशी मध्यस्थांमार्फत झालेली. गेल्या जानेवारीत पेठ तालुक्यातल्या जंगलात दमणगंगेच्या काठी आम्ही एक रात्र तंबूत काढली, तेव्हा हे मध्यस्थ नसले की माणूस किती बावरतो, ते कळले.

सावळघाट ओलांडून त्या बाजूला गेले की पाण्याची दिशाच बदलते. आपली गोदावरी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते; दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा मात्र पश्चिमेची वाट धरते आणि दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्या काठचा आमचा मुक्कामाचा तळ म्हणजे साग आणि ऐनाच्या झाडांत साफ केलेली थोडी जागा, चुलीचे तीन दगड, आणि पत्र्याचा एक आडोसा, ज्याला संडास म्हणायचे. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. पहिल्या तासाभरात आमच्या चिरंजीवांनी दोन्ही गोष्टींची चौकशी तीनतीनदा केली.

मी तंबूसाठी पाण्यालगतची सपाट, वाळूची जागा निवडली आणि खुंट्या ठोकू लागलो. वाळूत खुंटी धरेना. तळाची देखरेख करणारे गावातले एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ हे पाहत उभे होते. शेवटी ते म्हणाले, "इथं नको, भाऊ."

"का हो, बाबा? आता कुठे पाऊस आहे?"

त्यांनी उत्तर न देता काठच्या करंजाकडे बोट दाखवले. माझ्या डोक्याच्याही वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, वाळक्या गवताचा एक पुंजका अडकला होता. त्यात काटक्या, सुकून पांढरा पडलेला चिखल आणि रबरी चपलेचा एक निळा पट्टा होता. पावसाळ्यात नदी तिथवर आली होती. हा इथला दुतोंड्या मारुती! मी पुराला भितो आहे असे वाटून बाबा हसले. पाणी आता येणार नाही, पण जिथे पावसाळ्यात पाणी बसते तिथेच थंडीत गारठा बसतो, असे त्यांनी समजावले. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली सरकते, हे मी शाळेत शिकलो होतो. त्याचा तंबूच्या जागेशी काही संबंध असेल, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. आम्ही पन्नास पावले वर सरकलो.

रात्री नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी असा बेत होता, आणि त्याविषयी अधिक लिहिले तर हा लेख भरकटेल. चूल विझल्यावर डोक्यावर मृग नक्षत्र स्वच्छ दिसू लागले. मग नदीचा आवाज सुरू झाला. म्हणजे तो दिवसभर होताच, आमच्या बोलण्याखाली दबला होता. गंमत अशी की अंथरुणात पडल्यावर तो दर पाच मिनिटांनी वाढल्यासारखा वाटे. वर कुठे धरण नाही, पाऊस नाही, हे ठाऊक असूनही मी मध्यरात्री बॅटरी घेऊन खाली उतरलो आणि पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून आलो. अंगावर काटा आणणारा गारठा तिथे खरोखरच साचून राहिला होता.

पहाटे तंबूच्या आतून दव ठिबकू लागले, तेव्हा जाग आली. मी तसाच काठावर गेलो. काटकी नव्हती. क्षणभर छातीत धस्स झाले; पाणी तर कालच्याच दगडाशी होते. परत वर आलो, तर चिरंजीव चुलीपाशी फुंकर घालत बसले होते. चहाला सुकी काटकी हवी होती, आणि खाली एक आयतीच उभी दिसली, असे ते म्हणाले.