टेक्सासच्या कॅडो लेकवर मार्चमधले दोन दिवस: बासच्या (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) मागे जाणाऱ्यांसाठी

डॅलसहून आय-२० ने सरळ पूर्वेला, मार्शलला हायवे ४३ धरायचा की आलंच कार्नॅक गाव. साधारण तीन तास, वाटेत एक चहा धरून. शुक्रवारी रात्री कॅडो लेक स्टेट पार्कच्या केबिनमध्ये मी आणि मेव्हणा मुक्कामाला. केबिन १९३० च्या दशकातल्या आहेत, मस्त आहेत, पण वीकेंडला आयत्या वेळी मिळत नाहीत, महिना-दोन महिने आधी बघून ठेवा.

आता आमचा मूर्खपणा आधी सांगतो. मेव्हणा नाशिकचा, लहानपणी गोदावरीत गळ टाकून बसलेला, त्यामुळे त्याचं ठाम मत की मासा पहाटेच खातो. झालं, शनिवारी साडेसहाला आम्ही पार्कातल्या सॉ मिल पाँडच्या काठावर, बोटं इतकी गारठलेली की गाठ मारता येईना, आणि साडेदहापर्यंत एक साधा टोचासुद्धा नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ नुसती कॉफी पीत बसले होते, रॉड गाडीतच. आम्हाला वाटलं आळशी आहेत. ते म्हणाले, अजून पाणी उठलं नाहीये. बस्स, एवढंच.

मग मेव्हण्याने बहिणीच्या किचनमधून ढापून आणलेलं दह्याचं थर्मामीटर काढलं, दोरीला बांधून पाण्यात सोडलं. ५२ फॅरनहाइट. खरं सांगतो, या ट्रिपमधलं सगळ्यात कामाचं सामान तेच निघालं, महागडी रील वगैरे सब झूठ.

कॅडो उथळ आहे, सरासरी आठ-दहा फूट, कितीतरी जागी तर कमरेएवढंच पाणी. अशा तळ्याचं पाणी एका उन्हाच्या दुपारीत तापतं आणि एका गार रात्रीत परत उतरतं. बास या दिवसांत अंडी घालायच्या तयारीत असतो, पाणी साठीच्या घरात गेलं की नर काठाजवळ दोन-चार फुटांत शेपटीने तळ झाडून घरटं करतो, माद्या आधी आसपास थोड्या खोल पाण्यात दबा धरून खातात आणि ऊब वाढली की वर सरकतात. म्हणजे मार्चमध्ये आपण मासा शोधायचाच नाही, ऊबदार पाणी शोधायचं.

दुपारी अनसर्टनला (हो, गावाचं नावच तसं आहे!) गेलो, लहान जॉन बोट (सपाट तळाची होडी) भाड्याने घेतली, आणि थर्मामीटर बुडवत बुडवत निघालो. मोकळ्या पाण्यात ५४, बोट रोडवर ५५. कॅडोवर झाडांमधून जाणाऱ्या पाण्याच्या वाटांना बोट रोड म्हणतात, त्यांना नंबरच्या पाट्या आहेत, त्या सोडून आत घुसू नका, अर्ध्या तासात सगळे सायप्रस सारखे दिसायला लागतात आणि फोनला रेंज कधी असते कधी नसते. शेवटी उत्तर काठाला एक छोटी खाडीसारखी जागा सापडली, मागे दाट झाडी असल्याने उत्तरेचा वारा अडलेला, समोरून दक्षिणेचं ऊन, तळाला काळा चिखल. थर्मामीटर बुडवलं तर ५९!

तीन ते सव्वापाच, सात बास. सगळे तिथेच.

आमिष सांगतो. लाल खेकड्याच्या रंगाचा लिपलेस क्रँकबेट (माशाच्या आकाराचं टणक नकली आमिष), तो पाण्याखालच्या गवतावरून ओढायचा, गवतात अडकला की घाई न करता एक झटका देऊन सोडवायचा, आणि तो सुटतो ना त्याच क्षणी दणका बसतो. सातपैकी चार तसेच लागले. बाकीचे टेक्सास रिगवर (गळाचं टोक आमिषातच लपवायचं, म्हणजे अडकत नाही), काळ्या-निळ्या प्लास्टिकच्या किड्यावर, सायप्रसच्या गुडघ्यांपाशी (मुळांची वर आलेली खुंटं) टाकून अगदी सावकाश, इतकं सावकाश की मेव्हणा मधेच विचारायचा, झोपलास का? दोरी १५ पाउंडांचा ताण सोसणारी हवी, त्याखालची नको. मी १० ची लावली होती, एक मोठा धूड खुंटाला वळसा मारून तोडून गेला, अजून वाईट वाटतं. ज्यांनी गावाकडे शेवाळ्यातून मरळ काढलाय त्यांना हे लगेच जमेल, तोच प्रकार, आडोशाला बसून झडप घालणारा मासा.

सगळ्यात मोठी साडेपाच पाउंडांची मादी, पोट टरटरून भरलेलं, तोंडात माझी मूठ मावेल एवढा जबडा. हात ओले करून धरली, पोटाखाली दुसरा हात (नुसत्या जबड्याला लटकवून फोटो काढू नका, मोठ्या माशाचा जबडा निखळू शकतो), वजनकाटा, फोटो, परत पाण्यात. सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला तर म्हणे, सोडला? मग गेलात कशाला? त्यांना सांगितलं की कॅडोच्या बासमध्ये पाऱ्याचं प्रमाण जास्त आहे, खाण्याबद्दल सरकारी इशारा आहे. त्यांना काही ते पटलं नाही.

शनिवारी रात्रीतून कोल्ड फ्रंट (थंड हवेची लाट) आला. रविवारी आकाश निळंभोर, उत्तरेचा वारा, त्याच खाडीत पाणी ५३. सहा तासांत एक बास आणि एक पिकरेल (लांबट, दातेरी मासा), तोही दात दाखवून आमिष फाडून गेला. म्हणून तारीख ठरवताना कॅलेंडर नका बघू, हवामान बघा, सलग तीन दिवस उन्हाचे आणि त्यातला तिसरा दिवस आपला.

लायसन्सचं: स्टेट पार्कच्या काठावरून मासेमारीला टेक्सासमध्ये लायसन्स लागत नाही, बोटीने बाहेर पडलात की लागतं, १७ वर्षांखालच्या पोरांना नाही. तळ्याचा अर्धा भाग लुइझियानात आहे, तिकडे जाणार असाल तर दोन्हीकडचे नियम वाचून जा. स्वतःची बोट असेल तर निघताना ट्रेलरवरची सगळी वनस्पती काढा आणि पाणी ओता, जायंट साल्विनिया नावाची तरंगती पाणवनस्पती इथे २००६ पासून पसरलीय, ती नकळत दुसऱ्या तळ्यात नेलंत तरी दंड आहे.

आणि हो, थर्मामीटर स्वतःचं घ्या. आमचं परत किचनमध्ये ठेवलं तेव्हा बहिणीने एकदाच वास घेतला.